टेबलाच्या कडेवरच्या चोवीस खुणा

मित्रांनो, माझ्यावर जेवण होते म्हणून मला जेवणाचे टेबल म्हणतात. पण मी एक जुनी शाळासुद्धा आहे. या घरातल्या सुताराने लग्नाआधी मला जाड फळ्यांतून घडवले. पुढे त्याच्या दोन मुलींचे शिक्षण घरीच, माझ्यावर सुरू झाले. आईच शिकवायची. सकाळी पाढे, दुपारी शुद्धलेखन, रात्री ताटे.

डिसेंबर आला की माझी ओढाताण व्हायची. केकचे पीठ माझ्यावर, चांदण्यांचे कागद माझ्यावर, वह्याही माझ्यावरच. शेजारची काकू म्हणायची, "अगं, सणाला तरी सुट्टी दे पोरींना!"

आई म्हणायची, "काकू, चार दिवस म्हणता म्हणता महिना बुडतो."

मग तिने युक्ती काढली. माझ्या एका टोकाला बाळ येशूचा गोठा मांडला, दुसऱ्या टोकाला त्याच्या दर्शनाला निघालेले मातीचे तीन राजे. दोन्ही टोकांमधल्या लांब कडेवर पेन्सिलीने चोवीस खुणा, एक डिसेंबरपासून रोजची एक. दिवसाचा धडा झाला की राजे एक खूण पुढे. धडा राहिला की राजे जागेवरच! "राजांचे पाय दुखताहेत गं, आटप," असे म्हणत थोरली धाकट्या चिमणीला पाढ्यांना बसवायची. नाताळच्या आदल्या दिवशी राजे गोठ्याच्या दारात पोहोचायचे.

यंदा उन्हाळ्यात आई गेली. सुतार कामावरून आल्यावर, डोळे मिटत असले तरी, मुलींना शिकवू लागला.

नाताळचा डिसेंबर तोंडावर आला. घर जरा उजळावे म्हणून त्याने एक दिवस कामावर खाडा केला. मुली काकूकडे होत्या. त्याने मला कडेपर्यंत घासले आणि पॉलिश केले. मला ओरडता आले असते तर!

संध्याकाळी थोरलीने माझ्या कडेवरून बोट फिरवले. "बाबा, खुणा कुठे गेल्या?"

"त्या रेघोट्या? घासून टाकल्या."

चिमणीने भोकाड पसरले. "आता राजे कसे येणार?"

थोरलीने सगळे सांगितले. सुतार माझ्या कडेजवळ वाकला. मग त्याने टेप काढला. "सहा फूट. दर तीन इंचांवर एक. आत्ता करतो."

"तशा नव्हत्या, बाबा. शेवटी शेवटी जवळजवळ होत्या. सणाची कामं वाढली की आई धडा छोटा करायची, म्हणून पाऊलही छोटं."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही कामावर असायचात."

त्याने टेप मिटला. "तूच दाखव. बोट ठेव."

ताज्या पॉलिशवर पेन्सिल उमटेना. तेव्हा त्याने पटाशी घेतली. थोरलीने बोट ठेवले तिथे, आपल्याच नव्या पॉलिशवर, त्याने बारीक खाच पाडली. चोवीस वेळा.

"आता कोणी घासल्या तरी जाणार नाहीत," तो म्हणाला. "मीसुद्धा."

मित्रांनो, तेरावी खाच दोन बोटे चुकली आहे. आईची खूण कुठे होती, ते मला पक्के माहीत आहे. पण राजे तिथेही त्या दिवसाचा धडा संपेपर्यंत थांबतात आणि मग पुढे जातात. माझे एवढेच मागणे आहे. घरातली जुनी वस्तू जरूर पुसा, चकचकीत करा. पण हात लावण्याआधी घरातल्या मुलांना एकदा विचारा, यावरचे काय राहू द्यायचे.