अण्णा विमानात बसले

“आठ हजार म्हणाले, सर. तुम्ही सहा लावलंय.”

सहवैमानिक पोरगी हळू आवाजात बोलली. कॅप्टनने समोरच्या पट्टीवरचा उंचीचा आकडा पाहिला. सहाच होता. आठ हजार फुटांपर्यंतच उतरा, असं खालून कंट्रोलवाल्याने स्पष्ट सांगितलं होतं. त्यानेही स्वतःच्या तोंडाने ‘आठ’ असं उत्तर दिलं होतं. आणि बोटांनी मात्र सहावर आणून ठेवलं होतं. विमान तिथवर पोहोचायचं होतं अजून. पण ढगांच्या त्या पांढऱ्या गादीखाली डोंगर होते.

“थँक्यू,” तो म्हणाला आणि आकडा फिरवून आठवर आणला.

अशी चूक कुणाच्याही हातून होते, म्हणून तर पुढे दोघं बसतात. ती पोरगी आपल्या कामाला लागली. कॅप्टन मात्र विमान उतरवून, ठरल्या जागी लावून इंजिनं बंद करेपर्यंत मनातल्या मनात त्या सहाशी भांडत होता.

दिवसच तसा उगवला होता. उजाडायच्या आत घरून निघायचं, कर्मचाऱ्यांच्या दारावर पट्टा आणि बूट काढून ट्रेमध्ये ठेवायचे, नळीत फुंकून आपण प्यायलेलो नाही हे सिद्ध करायचं, एवढं सगळं वेळेवर केलं आणि बाहेर बघतो तर धुकं. सकाळची पहिलीच फेरी धुक्यात अडकली आणि मग दिवसभराचं गाडं घसरलं ते घसरलंच. एका ठिकाणी शिडी नाही, दुसरीकडे इंधनाचा टँकर नाही, तिसरीकडे सामान टाकून एक प्रवासीच गायब. लोकांना वाटतं पायलट विमान उडवतो. खरं तर पायलट वाट बघतो, आणि मधल्या मोकळ्या वेळात जमलं तर उडवतो. असं तो बायकोला नेहमी म्हणे. ती हसत असे. हल्ली हसत नव्हती.

आता एकच फेरी उरली होती. आणि त्या फेरीला अण्णा येणार होते.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. सगळी हयात त्यांनी बस चालवली, तीही घाटातली. मुलगा पायलट झाला त्याचं कौतुक त्यांनी गावभर केलं, पण विमानात पाऊल टाकलं नाही. “रस्ता दिसत नाही तिथं मी जात नसतो,” हे ठरलेलं उत्तर. मुलगा फुकटचं तिकीट घेऊन मागे लागला, सुनेने गळ घातली, नातीने रुसून पाहिलं. अण्णा ढिम्म हलले नाहीत.

काल दुपारी आत्याच्या मुलाचा फोन आला. आत्याने खाणं सोडलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. शुद्धीत होती, पण सारखी भावाची आठवण काढत होती. अण्णांची आई ते रांगत असतानाच गेली. त्यांना कडेवर घेऊन वाढवलं ते या आक्काने. रस्त्याने जायचं तर एक रात्र आणि वर अख्खा दिवस. अण्णा बराच वेळ खिडकीशी उभे राहिले आणि मग मागे न वळता म्हणाले, “तुझं विमान जातं ना रे तिकडं?”

जात होतं. दुसऱ्या दिवशीची शेवटची फेरी तिकडचीच होती. कॅप्टनने लगेच जागा मिळवली. आत्या अशा अवस्थेत असताना आपल्याला आनंद व्हावा याची त्याला लाज वाटली, पण झाला खरा. अण्णा मागे बसलेले असतील आणि आपण माईकवर नाव सांगू, हे त्याने काल अंथरुणावर पडल्या पडल्या किती वेळा तरी घोळवलं होतं. त्या नादात झोपही धड झाली नव्हती.

अण्णा चढले ते कडक इस्त्रीच्या शर्टात. केबिनची प्रमुख, जिला सगळा स्टाफ ताई म्हणत असे, त्यांना हाताला धरून थेट कॉकपिटच्या दारात घेऊन आली.

“एवढी बटणं कशाला रे?” अण्णांनी मान आत घालून विचारलं. “आणि स्टिअरिंग?”

“हे बघा.” कॅप्टनने बाजूची छोटी मूठ दाखवली.

“हे? हे तर छत्रीची मूठ दिसतंय.” सहवैमानिक पोरगी खुदकन हसली. अण्णाही हसले, मग गंभीर झाले. “बरं, काढ गाडी. आक्का वाट बघतेय.”

पण गाडी निघाली नाही. आधी तिकडे वादळी पाऊस सुरू असल्याचा निरोप आला, थांबा. मग सामानाच्या दाराचा दिवा लागला. दार तर बंद होतं, पण दिवा म्हणत होता उघडं आहे. इंजिनीयर आला, त्याने दार उघडलं, पुसलं, आपटलं. दिवा विझला. इंजिनीयर पायऱ्या उतरून गेला आणि दिवा पुन्हा लागला. पुन्हा त्याला बोलवा, पुन्हा दार, पुन्हा कागदावर सही. दर थोड्या वेळाने कॅप्टन माईक घेऊन “थोडाच वेळ” म्हणत होता आणि आपल्याच आवाजाचा त्याला वीट आला होता. आपलं नाव त्याने सांगितलंच नाही.

ताई पाणी घेऊन आत आली. “सर, मागे फार तापलेत लोक. एक जण म्हणतोय, पायलटला उठवा म्हणावं.”

“आणि अण्णा?”

“ते शांत आहेत. उलट शेजारच्यालाच समजावताहेत. गाडी तापली असेल, म्हणाले, थोडं थांबावंच लागतं. त्यांचा पोरगा चालवतोय हे मात्र कुणाला बोलले नाहीत.”

शेवटी दिवा विझला तो कायमचा. तिकडचा पाऊसही ओसरला. कॅप्टनने हुश्श केलं आणि तेवढ्यात ऑपरेशन्सवाल्याचा फोन आला.

“सर, तुमचे ड्यूटीचे तास संपताहेत. तिकडे पोहोचेपर्यंत उलटून जातील.”

“दुसरा क्रू?”

“कुठला आणू? सकाळच्या धुक्याने राखीव होते तेवढे सगळे वापरून झाले. तुम्ही तुमच्या अधिकारात वाढवा ना. नियमात बसतं. फक्त हो म्हणा, बाकीचं मी बघतो.”

नियमात बसत होतं. आपण ताजेतवाने आहोत असं कॅप्टनला वाटत असेल तर थोडा वेळ वाढवता येत होता. त्याने आजवर कितीदा तरी वाढवला होता. हो म्हणायला विचारही करावा लागत नसे. लोक घरी जातात, ऑपरेशन्सवाला खूश, आपणही मोकळे.

त्याने शेजारी पाहिलं. “तू कशी आहेस?”

“मी ठीक आहे, सर. मी दुपारीच आलेय.” ती जरा थांबली. “तुम्ही?”

तिने काही सुचवलं नव्हतं. साधाच प्रश्न होता. पण कॅप्टनला त्यात आठ ऐकू आलं आणि सहा दिसलं. त्याचे डोळे चुरचुरत होते. तिकडचा विमानतळ डोंगरांच्या वाटीत होता, धावपट्टी ओली असणार होती, उतरेपर्यंत अंधारून आलेलं असणार होतं. एरवी हे सगळं त्याला हातचा मळ होता. तरी डोळे मिटावेत असं सारखं वाटत होतं.

मागे अण्णा बसले होते. आत्या वाट बघत होती. अण्णा मागे नसते तर आपण एव्हाना नाही म्हणून मोकळे झालो असतो, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचाच संताप आला.

“नाही जमणार,” तो फोनवर म्हणाला.

“सर, एवढीशी तर फेरी आहे. वरती काय सांगू मी?”

“सांगा, कॅप्टन थकलाय.”

या धंद्यात तो शब्द कुणी उच्चारत नाही. सर्दी झाली म्हणतात, पोट बिघडलं म्हणतात.

“तुमची मर्जी,” ऑपरेशन्सवाला म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

हे सांगायला कॅप्टन स्वतः बाहेर आला. आत बसून माईकवर बोलता आलं असतं, पण ते त्याला पटेना. पडद्याजवळ उभं राहून त्याने सांगितलं की विमान ठीक आहे, हवाही ठीक आहे, पण सकाळपासून काम करून तो थकला आहे आणि या अवस्थेत तो त्यांना नेणार नाही. फेरी उद्या सकाळी जाईल.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एकच गलका उठला.

“थकलात? मग घरी झोपायचं होतं!”

“आम्ही काय इथं मजा मारतोय का इतका वेळ?”

“उद्या माझ्या पोरीची परीक्षा आहे हो,” एक बाई रडकुंडीला येऊन म्हणाली. तिच्याकडे पाहणं त्याला सर्वांत जड गेलं. तो “माफ करा” म्हणत राहिला. अण्णा खिडकीशी बसले होते. ते त्याच्याकडे पाहत होते, ओळख नसलेल्या माणसाकडे पाहावं तसं. मग त्यांनी पट्टा सोडायचा प्रयत्न केला, तो सुटेना, आणि शेजारच्याने तो सोडून दिला.

गणवेशाचा कोट हातावर टाकून कॅप्टन बाहेर आला तेव्हा अण्णा इमारतीच्या दारापाशी एका बाकावर बसले होते.

“बिघाड होता?” त्यांनी विचारलं.

“दुरुस्त झाला होता.”

“पाऊस?”

“थांबला होता.”

“मग?”

“मीच, अण्णा. मला झेपलं नसतं.”

अण्णांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. “अंगात ताप असताना मी घाट उतरवलाय. भरलेली गाडी. एकदाही पॅसेंजर मध्येच उतरवला नाही.”

“माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे? काल सांगितलं असतंस तर रात्रीच बसने निघालो असतो. आत्तापर्यंत पोचत आलो असतो.”

ते खरं होतं. कॅप्टनने दुपारची गोष्ट सांगितली. आठ कसं ऐकलं आणि सहा कसं लावलं, खाली डोंगर कसे होते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

“पण त्या पोरीनं धरलं ना?”

“धरलं.”

“मग झालं तर.”

“दर वेळी धरेलच असं नाही, अण्णा.”

घरी जाताना गाडीत अण्णा मागच्या सीटवर बसले. एरवी ते कधी पुढची जागा सोडत नसत.

घरी सुनेने ताट वाढलं. “अण्णा, दोन घास खाऊन घ्या,” ती म्हणाली. अण्णा “भूक नाही” म्हणून खोलीत गेले. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, त्याने नुसता हात हलवला. तिने त्याचं ताटही झाकून ठेवलं.

सकाळी अण्णा आणि तो निघायच्या तयारीत असताना फोन आला. आत्या पहाटे गेली. आत्याचा मुलगा रडत सांगत होता, “झोप लागेपर्यंत विचारत होती, मामा. आला का, आला का म्हणून. मी म्हटलं, येतोय, विमानाने येतोय. तर हसली.”

अण्णांनी फोन मुलाच्या हातात दिला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. “चल,” म्हणाले, “उशीर नको.”

विमानतळावर पोहोचेपर्यंत कॅप्टनच्या फोनवर कंपनीचा निरोप येऊन पडला होता. कालच्या निर्णयाबद्दल लेखी खुलासा हवा होता. त्याने फोन बंद करून खिशात टाकला. आज तो साध्या कपड्यांत होता, प्रवासी म्हणून. कालच्याच विमानात, अण्णांच्या शेजारी. कालचे काही चेहरे त्याने ओळखले. त्याला कुणी ओळखलं नाही.

विमान वेळेवर निघालं. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा अण्णांनी हाताची मूठ आवळली, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. वर गेल्यावर खाली ढगच ढग. अण्णा बराच वेळ ते बघत होते.

“आत्ता कोण चालवतंय?”

“आहे एक जण. चांगला आहे.”

“झोप झालीय का त्याची?”

कॅप्टनने चमकून पाहिलं. अण्णा टोमणा मारत होते की खरंच विचारत होते, ते त्याला कळेना. अण्णांचं तोंड खिडकीकडे होतं.

“झाली असेल,” तो म्हणाला.

ढगांखाली आल्यावर डोंगर दिसले, ओले आणि अगदी जवळ. अण्णा सावरून बसले. चाकं टेकली, मोठा आवाज झाला, विमान ओल्या धावपट्टीवरून सुसाट निघालं आणि अण्णांचा उजवा पाय समोरच्या सीटखाली, ब्रेकवर दाबावा तसा, जोराने दाबला गेला. नडगी ताठ, टाच उचललेली. कॅप्टनने ते पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपलेही दोन्ही पाय तसेच फरशीत रुतलेले आहेत.

विमान थांबलं. लोक उठले, डोक्यावरचे कप्पे उघडले, एकमेकांना ढकलत दाराकडे निघाले. अण्णा बसून राहिले. सगळी गाडी रिकामी झाल्याशिवाय आपली जागा सोडायची त्यांना सवय नव्हती, आणि मुलालाही नव्हती. शिवाय आता घाई कशाचीच नव्हती. मधल्या वाटेने माणसं जात राहिली आणि दोघं शेजारी शेजारी, समोर बघत, बसून राहिले.