शेजारचा ब्रेक

आधीच सांगते, बोलता बोलता मी मध्येच बंद पडले तर घाबरू नका. सवयच आहे मला ती. मी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी बोलतेय. डोक्यावर पिवळी पाटी, पुढे-मागे लाल ‘एल’, आणि अंगावर इतके पोचे, की माझ्या पत्र्याचा मूळ आकार कसा होता हे आता मलाही आठवत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. पण शाळेत आल्या आल्या मेकॅनिकनं माझ्या तळाला दोन भोकं पाडली आणि शेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक बसवला. तो मास्तरांचा. शिकणाऱ्याचा पाय चुकला, की मास्तरांचा पाय पडायचा. अकरा वर्षं मी त्या दोघांच्या मध्ये काढली. एक म्हणतो चल, दुसरा म्हणतो थांब. अशा घरात वाढल्यावर स्वभाव घाबरट नाही होणार तर काय? मागून नुसता हॉर्न वाजला तरी माझ्या काचा थरथरतात.

माणसं किती पाहिली! स्टिअरिंगचा गळा आवळणारी, गिअर टाकताना जीभ बाहेर काढणारी, चूक स्वतःची असताना मला ‘खटारा’ म्हणणारी. लायसन्स हातात पडलं की वळूनही बघत नाहीत.

मग बाई आल्या. तेवीस वर्षं त्यांनी ग्रंथालयात पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारले होते. आता त्यांची शाखा बंद होणार होती आणि पुस्तकं व्हॅनमधून वस्तीवस्तीवर जाणार होती. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, व्हॅन चालवेल तोच पुस्तकं देईल. पुढच्या महिनाअखेरपर्यंत लायसन्स आणा, नाहीतर मुख्य कचेरीच्या तळघरात फायली लावायला बसा.

“घरी काय म्हणतात?” मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“हे म्हणतात, स्कूटरवर मागे बसतानासुद्धा डोळे मिटतेस तू.”

“मिटता?”

“फक्त वळणावर.”

मास्तर मोठ्यानं हसले. पण त्यांनी बूट शेजारच्या ब्रेकवर नीट टेकवला, ते मला कळलं.

बाई माझ्याच वळणाच्या निघाल्या. रस्त्यात कागदाचा बोळा दिसला तरी श्वास रोखायच्या. त्या दचकल्या की मी दचकायचे, मी आचका दिला की त्या ‘सॉरी सॉरी’ म्हणायच्या. कुणाला, कोण जाणे. मला अकरा वर्षांत कुणी सॉरी म्हटलं नव्हतं.

तीन आठवड्यांत त्या छान चालवायला लागल्या. म्हणजे तसं वाटायला लागलं. सिग्नलला अलगद थांबायच्या, उतारावर सावकाश यायच्या. एकदा मला कडेला उभी करून त्यांनी लेकीला फोन लावला. “अगं, मला येतंय! खरंच येतंय!” मास्तर खिडकीबाहेर बघत बसले.

खरं काय ते मलाच माहीत होतं. बाईंचा पाय ब्रेकवर अर्धा पडायचा, उरलेला अर्धा मास्तरांचा असायचा. इतका हळू, की बाईंना पत्ताच नाही. मला सांगायचं होतं हो, पण मी सांगणार कशी? हॉर्नसुद्धा दुसऱ्यानं दाबावा लागतो.

परीक्षेच्या दिवशी मास्तरांच्या जागी इन्स्पेक्टर बसले. चढावर पांढऱ्या रेषेपाशी थांबायचं आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं होतं. बाईंनी मला थांबवलं. नेहमीसारखं, अर्धं. उरलेलं कुठूनतरी यायचं होतं, ते आलंच नाही. मी मागे घसरायला लागले. एक हात, दोन हात. बाई समोर बघतच राहिल्या. शेवटी इन्स्पेक्टरांनी शेजारचा ब्रेक दाणकन दाबला.

“ब्रेक मी लावला, म्हणजे गाडी मी थांबवली,” ते कागदावर काहीतरी खरडत म्हणाले. “नापास. सोळा दिवसांनी या.”

महिना संपायला अठरा दिवस होते.

परत येताना मास्तरांनी कबूल केलं. “चूक माझी आहे, ताई. सवयच झालीय पायाला.”

“म्हणजे इतके दिवस गाडी तुम्ही चालवत होतात?”

“चालवत नव्हतो. थांबवत होतो.”

“मग मी काय करत होते? लेकीला फोन?”

त्या उतरल्या, दार धाडकन आपटलं आणि चालू लागल्या. मला वाटलं, संपलं. आता तळघरच. मला तर रात्रभर थंड इंजिनातही टिकटिक ऐकू येत होती.

सकाळी त्या हजर. “मास्तर, मागे बसा.”

“मागे म्हणजे?”

“मागच्या सीटवर. गोदामामागच्या मैदानात कोणी नसतं. तिथे चालवते.”

“ताई, अहो मला हार्टचा...”

“तुम्हाला काही नाहीये. बसा.”

काय सांगू त्या दिवसाबद्दल! मास्तर मागे बसून माझी पायपुसणीच दाबत होते. “ब्रेक... ताई, ब्रेक... अहो बाई, ब्रेक!” आणि मी? शेजारचा ब्रेक आयुष्यात पहिल्यांदा रिकामा होता. पायाखालची जमीन कुणी काढून घ्यावी, तसं झालं. मी आठ वेळा बंद पडले. नवव्यांदा बाईंनी कपाळ स्टिअरिंगला टेकवलं, मग डॅशबोर्डवर तळवा ठेवला आणि मला म्हणाल्या, “थांब गं. मी आहे.”

मास्तरांना नाही. मला.

अठ्ठावीस तारखेला पुन्हा तोच चढ, तीच रेषा, तेच इन्स्पेक्टर. माझं इंजिन धडधडत होतं. पण बाईंचा पाय पूर्ण पडला. हँडब्रेक वर आला. क्लच जरासा सुटला, मी जागच्या जागी थरथरले, हँडब्रेक खाली गेला, आणि आम्ही निघालो. वर. बोटभरही मागे नाही. इन्स्पेक्टरांचे पाय सीटखाली दुमडलेले होते, ते मी नीट पाहून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात बाई व्हॅन घेऊन शाळेसमोरून गेल्या. फार हळू. मागे सहा गाड्या हॉर्न वाजवत होत्या. वळणावर त्यांचे डोळे उघडे होते.

आता माझी पाळी. शाळेत नवी गाडी आलीय, मला विकून टाकलंय. काल मेकॅनिकनं माझा शेजारचा ब्रेक काढला. मास्तर म्हणाले, “तो मला दे,” आणि पिशवीत घालून घरी घेऊन गेले. पाटी उतरली, ‘एल’ खरवडून काढला, त्याची फिकट खूण तेवढी राहिलीय. तळाच्या दोन भोकांतून वारा येतो. रात्रभर येत होता.

सकाळी दहाला मला न्यायला कुणीतरी येणार आहे. कोण, ते ठाऊक नाही. पाय हलका की जड, तेही नाही. तुम्ही जे कोणी असाल, एवढंच ऐका. पहिल्या दिवशी मी नक्की आचका देईन. खटारा म्हणू नका. शेजारी पाय शोधू नका, तिथे आता कुणी नाही. डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणा, थांब गं, मी आहे.

दहाला पाच कमी आहेत. फाटक वाजलं. बघा, दचकलेच मी.