नदीकडे तोंड करून बांधलेला भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, आपली गोष्ट सांगणारे आधी आपला जन्म सांगतात. मी आधी छगनभाऊंचा फायदा सांगणार आहे, कारण माझ्या कडेला हा जो पोचा दिसतो ना, तो त्याच फायद्यातून आला.

छगनभाऊ म्हणजे तापीकाठच्या आमच्या गावातले केळी पिकवणारे गुजर शेतकरी. शाळा समितीत होते, त्यामुळे स्नेहसंमेलनात पुढच्या रांगेत त्यांची खुर्ची ठरलेली. त्यांची मुलगी धनु सातवीत होती. तिचा गळा असा, की ती शेतात गुणगुणायला लागली म्हणजे कापूस वेचणाऱ्या बायकांचे हात आपोआप हळू व्हायचे. प्रमिलाबाई या शाळेतल्या एकुलत्या एक बाई. धनुने संमेलनात गावं म्हणून त्या दिवाळीपासून छगनभाऊंच्या मागे लागल्या होत्या. शेवटी छगनभाऊंनी अट घातली. पोरगी गाईल, पण दिसणार नाही आणि तिचं नावही पुकारलं जाणार नाही. कोणाच्या तोंडी तिचं नाव आलं नाही, तर तिला आठवीला शहाद्याच्या शाळेत घालू. शहाद्याला लागूनच, लोणखेड्याला, तिची मावशी आहेच. नाव आलं, तर दुसऱ्या दिवशी दप्तर खुंटीला.

आता यात त्यांचा फायदा बघा. बाईंची भुणभुण बंद. संमेलन रंगलं तर समितीची वाहवा, म्हणजे त्यांचीच. आणि 'छगननी पोर स्टेजवर चढनी' असं म्हणायची कोणाला सोय नाही. खिशातून काही जाणार नव्हतं. इतका स्वस्त सौदा मी बाजारातही पाहिला नाही. धनुला मात्र त्या एका संध्याकाळवर पुढची सगळी शाळा लावायची होती. ती लगेच हो म्हणाली.

आता माझ्याविषयी. मी ॲल्युमिनियमचा. मुंबईत घडलो आणि सुरतेच्या बाजारातून एकोणीसशे छप्पन साली म्हसावदच्या रूपचंदने लग्नांत भाड्याने वाजवायला मला आणलं. नंदुरबार स्टेशनावर उतरलो आणि तिथून पुढे बैलगाडीत, बॅटरीच्या शेजारी, कडब्याच्या गादीवर बसून आलो. मी तेव्हा इतका चकचकीत होतो की वाटेत बायका माझ्यात तोंड पाहून पदर सारखा करत. पुढे काही वर्षं तालुक्यातलं एकही मोठं लग्न माझ्यावाचून लागलं नाही. सिनेमातली नवी गाणी शहाद्याच्या तंबूत यायची आणि पुढच्या लग्नसराईत माझ्या तोंडी असायची. एकदा जीपवर बसून मोलगीच्या बाजारालाही गेलो. तिथे मी जरा मिजाशीत सुरुवात केली, पण मग तिथल्या डोंगरातल्या आदिवासींचा ढोल वाजला. त्यानंतर मी गाऊन गेलो की खोकून गेलो, हे कोणाला कळलंसुद्धा नाही. त्या ढोलाचं मला अजून कौतुक वाटतं.

लग्नात मला बांधायची एक रीत होती. ती नीट ऐका, पुढे लागेल. घरापुढच्या उंच कडुलिंबावर मला बांधायचं आणि माझं तोंड मांडवाकडे नाही, तर शेजारच्या गावाकडे करायचं. कोणी नवख्याने विचारलं तर रूपचंद म्हणे, "भो, मांडवमाना लोके ते जेवीच ऱ्हायनात. आयकाडनं शे ते समोरना गावले!" मांडवातल्यांना लग्न दिसतंच आहे, जळायचं आहे ते पलीकडच्यांनी. मोठ्या शिकलेल्या घरांतही कोणी याला हरकत घेतली नाही. वधूपिता स्वतः शिवारात जाऊन उभा राहायचा आणि आवाज कुठवर पोचतो ते पाहून यायचा.

तर बासष्टच्या जानेवारीत संमेलन ठरलं. हेडमास्तरांनी हुकूम काढला की सिनेमाचं गाणं चालणार नाही. प्रमिलाबाईंनी चाल सिनेमाची ठेवली आणि शब्द स्वतः लिहिले: 'बोंडात कापूस हसतो गं, कोणाला बघून हसतो गं'. हेडमास्तरांना शब्द फार पसंत पडले. चाल ओळखली नाही असं त्यांनी दाखवलं, पण तालमीला त्यांचा पाय ठेका धरायचा ते मी पाहिलंय, कारण रूपचंद मला तालमीलाही आणून ठेवायचा.

पडद्याची युक्तीही बाईंनी सिनेमातूनच उचलली. तिथे ओठ हलवते एक आणि गाते दुसरीच, हे एव्हाना तंबूत बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक झालं होतं. म्हणून स्टेजवर लोटन नावाचा सातवीतलाच मुलगा लुगडं नेसून कापूस वेचणार, आणि गाणार धनु, पडद्यामागून, मायकात. लोटन दिसायला देखणा आणि हावभावात तयार. दोऱ्याने बांधलेली नथ नाकाला लावून तो असा मुरडायचा की त्याची आईच त्याला सून म्हणून हाक मारी. फक्त त्याचं सगळं गणित माझ्या आवाजावर होतं. मी गायलो की तोंड उघडायचं, मी थांबलो की मिटायचं.

दिवे लागायच्या वेळी अंगण भरलं. एका बाजूला बाया, एका बाजूला गडीमाणसं, पुढे खुर्च्या. रूपचंद दुपारीच अंगणाच्या कडेच्या लिंबावर चढून मला बांधून गेला होता. त्याच्या हाताला एकच बांधणी ठाऊक. त्याने माझं तोंड केलं नदीकडे, थेट पलीकडच्या गावावर. झाडाखाली उभा राहून "हॅलो, हॅलो" म्हणाला, स्वतःशी खूश झाला आणि विडी पेटवली. अंगण माझ्या पाठीशी राहिलं.

गाणं सुरू झालं. मित्रांनो, माझ्यातून किती रेकॉर्डी गेल्या असतील, पण असा गळा कधी गेला नव्हता. रेकॉर्ड कितीही चांगली असली तरी सुई खरखरतेच. हा आवाज कुठेही न अडता निघाला आणि वाळू ओलांडून, पाणी ओलांडून गेला. पलीकडचे कंदील एकेक करून ओट्यांवर आलेले मला दिसत होते. मी धन्य झालो होतो.

माझ्या पाठीमागे मात्र बोंब उठली.

"काही आयकू नही ये!"

"ओ रूपचंदभाऊ, भोंगा झोपना का?"

ती ओरड पडद्यामागे पोचली. धनुला वाटलं, आपलाच आवाज कमी पडतोय. तिने पोट आत घेतलं आणि जीव ओतून गायला लागली. आता पुढच्या रांगांना आवाज येऊ लागला, पण तो माझ्याकडून नाही, सरळ पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून. लोटनचं गणित तिथेच चुकलं. तो कान देऊन माझी वाट बघत राहिला. ओठ मिटलेले, हात कमरेवर, नथ हलतेय, आणि गाणं आपलं चाललंय! लोक पोट धरून हसू लागले. तेवढ्यात बायांच्या बाजूने धनुची आई जमनाबाई, जिला ही गोष्ट गुपित आहे हे पक्कं ठाऊक होतं, ती भान हरपून उभी राहिली आणि ओरडली, "अवं माय, आयका ते खरं! मन्ही धनु कितलं गोड गाई ऱ्हायनी!"

छगनभाऊंची मान खुर्चीत खाली गेली. मागून कोणीतरी टोमणा मारलाच, "छगनभाऊ, पडदा जरा पातळ पडना का?"

इकडे हेडमास्तर ओरडत होते, "अरे, भोंग्याचं तोंड फिरव!" रूपचंद धावत झाडावर चढला. घाईत त्याने माझी गाठच सोडली आणि मी खालच्या दगडी ओट्यावर येऊन आदळलो. हा पोचा तेव्हाचा.

शेवटचं कडवं धनु माझ्यावाचून गायली. हसणं थांबलं. एवढं मोठं अंगण, पण कोणी साधं खाकरलंसुद्धा नाही. मी ओट्यावरच आडवा पडून ऐकत होतो. आजवर प्रत्येक गाणं माझ्या अंगातून गेलं होतं. ते समोर बसून ऐकायचं कसं असतं, ते मला त्या दिवशी कळलं. मला माझ्या पोच्याचं दुःख आठवलंच नाही.

सकाळी छगनभाऊ शाळेत आले. रूपचंद ओट्यावर बसून मला ठोकून सरळ करू पाहत होता. प्रमिलाबाई दारात उभ्या होत्या.

"बाई, बोली ती बोली," छगनभाऊ म्हणाले. "नाव बठ्ठास्ना तोंडमा गयं. तिन्हं नाव काढी टाका शायमातून."

नाव सगळ्यांच्या तोंडी गेलं, म्हणून आता ते शाळेतून जाणार होतं. बाईंचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात नदीकडून एक गृहस्थ आले, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. पलीकडच्या गावचे मगनभाऊ. त्यांचं कोणाकडे लक्षच नव्हतं. ते थेट रूपचंदकडे गेले.

"रूपचंद, काल सांजले वाजाडी ती रेकॉर्ड कोनती रे? आमना बठ्ठा गाव ओटावर येईसन आयकी ऱ्हायंता. मन्हा पोऱ्यानं लगीन शे. माले तीच पाहिजे."

रूपचंद धंद्यात मुरलेला. त्याने छगनभाऊंकडे तिरकं पाहिलं आणि हातोडी खाली ठेवली. "ती रेकॉर्ड मन्हाकडे नही, भो. जेन्हाकडे शे, तो तुन्हा मांगेच उभा शे."

मगनभाऊ वळले. "छगनभाऊ, तुमनी शे का? बरी भेट व्हयनी! पन शेवटलं कडवं काही उनं नही. मधमाच बंद पडनी. फुटनी बिटनी ते नही ना? अशी चीज फुटाले नको, भो."

छगनभाऊंनी नदीकडे पाहिलं. नदीपलीकडचं सगळं गाव ओट्यावर आलं होतं, ते त्यांना आत्ता समजत होतं. घरच्या लग्नात माझं तोंड पलीकडे करायला सांगणारे ते, आणि न सांगता पलीकडे गेलेली त्यांची सर्वांत मोलाची वस्तू बंद करायला तेच निघालेले.

"फुटनी नही," ते म्हणाले. "ती रेकॉर्ड नही, मगनभाऊ. मन्ही आंडेर शे. धनु."

'मन्ही आंडेर', माझी लेक, हे ते असे म्हणाले की ओट्यावर पडल्या पडल्या माझ्याही अंगात ते घुमलं. मगनभाऊंनी हात जोडले.

प्रमिलाबाईंनी डोळे पुसले आणि हळूच चिमटा काढला. "छगनभाऊ, काल नाव दुसऱ्यांनी घेतलं. आज तुम्ही स्वतः घेतलंत. आता काय करायचं?"

"अट मीच लाई व्हती, मीच मोडी," छगनभाऊ म्हणाले. "दंड बी मीच भरसू. लोणखेडाले निरोप धाडसू आजच."

पुढे माझा आवाज नाकात येऊ लागला. लग्नवाल्यांनी मला नापसंत केलं आणि रूपचंदने मला शाळेला देऊन टाकलं. काही वर्षं प्रार्थना म्हटली, मग अडगळीत गेलो. माझ्यात कोणी खडूचे तुकडे टाकले, कोणी झाडू उभा केला. एका चिमणीने संसारही केला. तिचं मात्र मला कधी ओझं वाटलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूला पोचा दिसला की लगेच भंगारात काढू नका. तो कुठे पडला ते विचारा आणि जरा पुसून ठेवा. तुमच्या संमेलनात भोंगा बांधाल तेव्हा त्याचं तोंड आपल्या माणसांकडे करा, आणि पडद्यामागे जी कोणी गात असेल तिचं नाव मोठ्याने पुकारा.

आता त्या संध्याकाळचं कोणी काय भरलं, तेवढं सांगतो. लोटनला अभिनयाची पितळी वाटी मिळाली. त्याच्या पदरचं काही गेलं नाही. रूपचंदचा एक भोंगा गेला, पण ही गोष्ट सांगून सांगून त्याने लग्नं दुप्पट मिळवली. मगनभाऊंच्या गावाचं शेवटचं कडवं बुडालं ते बुडालंच. छगनभाऊंनी दंड भरला तो असा: धनु शहाद्यात शिकली तितकी वर्षं दर आठवड्याला गाडी जुंपून ते तिला स्वतः लोणखेड्याला पोचवायला जात. वाटेत कोणी विचारलं, "गाडीमा कोन शे?" तर बैल थांबवून नाव सांगत. आणि मी भरला हा पोचा. तो मला अजून महाग वाटलेला नाही.