इथलं काहीतरी

ओरेलीने तो कप उलटा करून पाहिला आणि होता तिथे परत ठेवून दिला.

"हा आपला पक्षी नाही," ती म्हणाली. "हा डोडो आहे. डोडो मॉरिशसचा. आपल्या रॉद्रिग बेटाचा वेगळा होता. लांब मानेचा."

"असू दे गं," नोएलीन हसत म्हणाली. "पर्थच्या मुलींना कुठे कळणार आहे? त्यांना दोन्ही सारखेच."

"मला कळतं ना."

नोएलीनचं हसू थोडा वेळ तसंच ओठांवर राहिलं. मग तिने त्या कपाला उगीचच एक बोट लावलं आणि ती पुढच्या टेबलाकडे वळली. ओरेली आईच्या मागून गेली, आणि दोघींच्या मागून आजी, क्लेमान्स.

शनिवारचा बाजार भरात आला होता. बंदराकडून वारा सुटला की दोरीवर वाळत टांगलेले ऑक्टोपस हलायचे आणि मिरचीच्या लोणच्याचा वास सगळ्या बाजारभर पसरायचा. क्लेमान्स लग्नाआधीपासून दर शनिवारी या बाजारात येत होती, पण कायम टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहायला. वस्तू हातात घेत, खाली ठेवत, नुसतं हिंडायचं कसं ते तिला माहीत नव्हतं. हातांचं काय करावं तेही कळत नव्हतं. तिने ते पोटावर बांधून ठेवले होते.

"काय गं क्लेमान्स!" सिदोनी आपल्या टेबलामागून ओरडली. "आज जहाजातून उतरलेल्या मडमेसारखी फिरतेयस! घे की काहीतरी. भाव पाडून देते तुला!"

"तू भाव पाडलास तर सूर्य पश्चिमेला उगवेल," क्लेमान्स म्हणाली, आणि आजूबाजूच्या बायका हसल्या. त्या हसण्यात नेहमीचा मोकळेपणा नव्हता. सोमवारच्या विमानाने ओरेली आईबरोबर जाणार हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

नोएलीन बेट सोडून गेली तेव्हा ओरेली नुकती चालायला लागली होती. आधी मॉरिशसच्या एका हॉटेलात खोल्या झाडायला, तिथे कॉलिन भेटल्यावर त्याच्याबरोबर ऑस्ट्रेलियाला, पर्थला. पोरीच्या बापाने तोंड दाखवलं नव्हतं, आणि त्याची कुणी वाटही पाहिली नव्हती. दर रविवारी चर्चहून आलं की फोन यायचा. ओरेली फोनवर कविता म्हणून दाखवायची, आणि मग "आजीला देते" म्हणून पळायची. आता नोएलीन आली होती ती सुट्टीवर यावं तशी. किनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरली होती; डोंगरावरच्या घरात कॉलिनचं डोकं दाराला लागायचं. कॉलिन माणूस चांगला होता. त्याने डोकं लागलं तरी हसून घेतलं होतं आणि क्लेमान्सच्या हातचं राजम्याचं कालवण दोनदा मागून खाल्लं होतं. त्याचा राग यावा असं काही त्याने केलंच नाही, ही क्लेमान्सची मोठी पंचाईत होती.

"ही शंखांची माळ?" नोएलीनने विचारलं. "तुझ्या नव्या बाईंना?"

"हे शंख आपल्या समुद्रात मिळत नाहीत. बाहेरून येतात."

"मग ही टोपी. कॉलिनच्या आईला उन्हात बसायला आवडतं."

"मादागास्करची आहे. बोटीतून उतरवताना मी बघितल्यात, गठ्ठेच्या गठ्ठे."

"मग तूच सांग बाई!" नोएलीनचा आवाज चढला, आणि लगेच तिने तो खाली आणला. "तूच सांग, बाळा. नव्या शाळेत जाणार, नव्या घरी जाणार. हात हलवत जायचं का? इथलं काहीतरी न्यायला नको?"

"इथलं इथंच बरं असतं," ओरेली म्हणाली.

शेजारच्या टेबलावर मधाच्या बाटल्या होत्या. त्यातली एक उचलून नोएलीनने उजेडात धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग डोक्यावर सरकवलेला काळा चष्मा तिने डोळ्यांवर ओढून घेतला.

क्लेमान्सने पोरीचं मनगट धरलं आणि तिला मासळीवाल्यांच्या मागे, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी नेलं.

"असं बोलतात आईशी?"

"मी खरं तेच बोलले. तूच सांगतेस ना, खोटं ते खोटं म्हणायचं."

"वस्तूला म्हणायचं. माणसाला नाही."

"तिला काहीच माहीत नाही, आजी! टोपीसुद्धा ओळखता येत नाही. इतकी वर्षं कुठे होती? आणि आता आली, दुकानातून उचलावी तशी मला उचलणार, आणि चालली!" पोरीचा चेहरा लाल झाला होता. "तू काहीच कसं म्हणत नाहीस तिला?"

ओहोटी लागली होती. लांबवर, गुडघाभर पाण्यात बायका हातात लोखंडी सळई घेऊन वाकून वाकून ऑक्टोपस शोधत होत्या. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी क्लेमान्स त्या पाण्यात कोसळली होती. बायकांनी तिला उचलून घरी आणलं आणि पोरीला सांगितलं, आजी शेवाळावरून घसरली. दवाखान्यातल्या डॉक्टरने काळजाबद्दल जे सांगितलं ते क्लेमान्सने फक्त सिदोनीला सांगितलं. मग तिच्याच घरी जाऊन, तिच्याच फोनवरून पर्थला फोन लावला. 'घेऊन जा तिला. मी धड आहे तोवर घेऊन जा.' नोएलीन फोनवर रडली होती. जरा थांब म्हणाली होती. घर लहान आहे, कॉलिनला विचारायला हवं. क्लेमान्स थांबायला तयार नव्हती.

पण पोरीला तिने यातलं काही कळू दिलं नव्हतं. आईने मागितलंय, जावं लागेल, एवढंच सांगितलं. पोरगी चिडली ती आईवर. वर्षभर सगळा राग तिकडे पर्थला जात राहिला आणि सगळी माया क्लेमान्सच्या चुलीपाशी उरली. क्लेमान्सला ते कळत होतं. रोज रात्री पोरगी कुशीत शिरली की ती मनाशी म्हणायची, उद्या सांगू.

"ओरेली," ती म्हणाली, "तिने तुला मागितलं नाही."

"म्हणजे?"

"मी फोन केला. मीच म्हटलं, घेऊन जा."

"खोटं."

"सिदोनीला विचार. तिच्या फोनवरून केला. तुझी आई थांब म्हणत होती. मीच घाई केली."

"पण का?"

काळजाचं सांगितलं असतं तर पोरगी या पायऱ्यांवरून हलली नसती. सोमवारी विमानात तिला कुणीच बसवू शकलं नसतं. क्लेमान्सने ओठ ओले केले.

"दमले गं मी," ती म्हणाली. "म्हातारपणी लहान पोर सांभाळायचं म्हणजे सोपं नसतं. दमायला होतं."

ओरेली रडली नाही. ती खाली वाकली, सँडलचा पट्टा तिने सोडला आणि परत घट्ट बांधला. मग दुसऱ्या पायाचा. उभी राहिली तेव्हा तिने क्लेमान्सकडे पाहिलं नाही. ती एकटीच बाजाराच्या दिशेने चालू लागली. क्लेमान्स तिच्यामागून निघाली, पण तिला पहिल्या पायरीवर जरा टेकावं लागलं.

ती पोचली तेव्हा नोएलीन सिदोनीच्या टेबलापाशी उभी होती. चष्मा पुन्हा डोक्यावर गेला होता आणि दोन्ही हातांनी तिने एक टोपली छातीशी धरली होती.

"आई! ही तुझी ना? लांबूनच ओळखली मी!" तिने टोपलीत नाक खुपसलं. "आपल्या स्वयंपाकघराचा वास येतोय. तू पाती उकळायचीस ना, आणि मी नाक धरून बाहेर पळायची... हीच घेते. ओरेली, आता बोल! आजीच्या हातची आहे. यापेक्षा इथलं आणखी काय असणार?"

सिदोनीने लोणच्याच्या बरण्या सरळ करायला घेतल्या. त्या आधीच सरळ होत्या.

क्लेमान्सच्या टोपल्या वर्षानुवर्षं सिदोनीच विकायची. पण पर्थला फोन केला त्या दिवसापासून क्लेमान्सने एकही विणली नव्हती. केतकीची पाती कापून आणली होती, काटे काढून, उकळून, वाळवून झाली होती. त्यांची गुंडाळी पलंगाखाली तशीच पडून होती. बसायला जावं तर हात चालत नसत. टेबल रिकामं दिसू नये म्हणून सिदोनीने मादागास्करच्या टोपल्या मागवल्या होत्या. नोएलीनच्या हातात होती ती त्यांतलीच. मऊ, परक्या गवताची. काठ मशीनवर दोऱ्याने शिवलेला. तळ गोल. क्लेमान्सने जन्मात गोल तळाची टोपली विणली नव्हती.

हो म्हणायला तिची जीभ उचलेना, आणि नाही म्हणवेना. नोएलीन तिच्याकडे बघत होती. शाळेतून पळत आल्यावर पाटीवर मिळालेला शेरा दाखवताना बघायची, तशी. कुणीच बोलत नाही हे हळूहळू तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा उतरू लागला. तिने एकदा सिदोनीकडे पाहिलं, आणि मग, काही चुकलं असेल तर ते कोण सांगणार हे आता ठाऊक झाल्यासारखं, पोरीकडे.

ओरेली पुढे झाली. तिने टोपली आईच्या हातातून घेतली. काठावरून अंगठा फिरवला. आत पाहिलं. क्लेमान्सने डोळे मिटून घेतले.

"आजीचीच आहे," ओरेली म्हणाली.

"खरंच?"

"हो. हा काठ बघ. असा काठ बेटावर दुसरं कुणी घालत नाही. आणि हा तळ आहे ना, तो मी धरून बसले होते, आजी विणत होती तेव्हा. नाहीतर पाती सुटतात." तिचा आवाज अगदी सहज होता. "काटे पण मीच काढले होते या पात्यांचे. इथे लागला होता मला एक."

तिने अंगठा पुढे केला. अंगठ्यावर खरोखरच एक जुना पांढरा व्रण होता. नोएलीनने तो अंगठा धरला आणि तिथे ओठ टेकले. ओरेलीने हात मागे घेतला नाही.

या पोरीला खोटं बोलताना क्लेमान्सने कधी ऐकलं नव्हतं. बशी फुटली तर तुकडे ओंजळीत घेऊन समोर येऊन उभी राहायची. आणि आता ती इतकं नीट, इतकं भरभरून खोटं बोलली होती. एकदाही आजीकडे न पाहता.

"चल मम्मी," ओरेली म्हणाली. "ऊन लागतंय तुला. नाक लाल झालंय."

"माझं? खरंच?" नोएलीन नाकाला हात लावून हसली. तिचे डोळे भरले होते. "मावशी, बांधून नका देऊ. अशीच नेते."

दोघींनी टोपलीचा एकेक कान धरला. चर्चच्या बाजूला कॉलिन गाडी घेऊन थांबला होता. त्या दिशेने त्या निघाल्या. ओरेली वाटेतल्या टेबलांकडे बोट दाखवत काहीतरी सांगत होती. हे कुणाचं लोणचं, तो कुणाच्या डोंगरावरचा मध, असंच असावं. नोएलीन प्रत्येक वेळी मान वाकवून ऐकत होती.

सिदोनीने आपलं स्टूल टेबलामागून काढून क्लेमान्सपुढे सरकवलं. क्लेमान्स बसली.

"अगं, पाती घरात पडून आहेत ना?" सिदोनी हलक्या आवाजात म्हणाली. "सोमवारपर्यंत एक सहज होईल. मी येते मदतीला. जन्मभर इतक्या विणल्यास, आणि नेमकी तुझ्या पोरीबाळींनी मादागास्करची न्यायची? खरी दे त्यांना. ही मी परत घेते."

"नको," क्लेमान्स म्हणाली.

"का नको?"

"आता तीच माझी."

सिदोनीने खांद्यावरचं फडकं काढलं आणि टेबल पुसायला घेतलं.

बाजाराच्या टोकाशी त्या दोघी थांबल्या होत्या. ओरेलीने मागे वळून तोंडाशी हात नेला.

"आजी, चल ना!"

क्लेमान्सने उठायचं मनात आणलं. मग ती होती तिथेच बसून राहिली आणि तिने हात वर केला.

"तुम्ही व्हा पुढे!" ती ओरडली. "मी येते मागून."

पोरगी क्षणभर घुटमळली. मग आईने काहीतरी विचारलं, तिने काहीतरी उत्तर दिलं, आणि ती खरंच पुढे गेली.