द्रौपदीबाईंची पिकअप

दादाराव तायडे यांची सगळी नोकरी रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये, इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. मूर्तिजापूरहून लखनौला आले तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती. निवृत्त झाले तेव्हा केस पांढरे झाले होते. मधल्या सगळ्या वर्षांत त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर बसला, तो डिझेलवर. पेट्रोलच्या इंजिनाला ते खेळणं म्हणत.

ते खेळणं घरी आलं ते त्यांच्या बायकोमुळे. द्रौपदीबाईंनी लखनौतल्या अलीगंजच्या घराच्या गच्चीवर रोपं लावायला सुरुवात केली, ती एवढी वाढली की दोन हजार चार साली त्यांनी शहराबाहेर, बख्शी का तालाबच्या पलीकडे जमिनीचा एक तुकडा खंडाने घेऊन नर्सरी काढली. रोपं शहरात आणणारा टेम्पोवाला कधी यायचा, कधी यायचा नाही. शेवटी वैतागून त्यांनी लिलावात निघालेली एक जुनी पेट्रोल पिकअप घेतली. जीपसारखं तोंड आणि मागे उघडा हौदा. प्राची, त्यांची मुलगी, तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, "मम्मी, चलाएगा कौन?"

"मी," द्रौपदीबाई म्हणाल्या. चाळिशी उलटून गेल्यावर त्या गाडी शिकल्या.

गाडी जुनी होती, पण हलकी होती. क्लच दोन बोटांनी दाबावा तसा दबायचा. अलीगंजच्या गल्ल्यांतून त्या सावकाश जायच्या. हौद्यात गुलाब, शेवंती, तुळस, कढीपत्ता. गाडीचा आवाज एवढा कमी की गच्चीवरून कुणी हाक मारली तरी त्यांना ऐकू जायची. "गाडीवाली आंटी, मोगरा है?" मग गाडी थांबायची, बायका खाली यायच्या. कुणाच्या गुलाबाला कीड लागलेली असायची, कुणाची सून माहेरी निघून गेलेली असायची. द्रौपदीबाई दोन्हींवर सल्ला द्यायच्या. बुद्धपौर्णिमेला विहारात पिंपळाची रोपं फुकट वाटायच्या. ज्या शहरात इतकी वर्षं त्या 'तायडेजी की मिसेस' होत्या, तिथे त्यांना स्वतःची ओळख मिळाली होती.

दादाराव दोन हजार नऊमध्ये निवृत्त झाले. त्याच हिवाळ्यात द्रौपदीबाई आईच्या आजारपणासाठी मूर्तिजापूरला गेल्या. घरात दादाराव, प्राची आणि दारात उभी पिकअप. दादारावांच्या हातांना काम नव्हतं. ते रोज बॉनेट उघडून बघायचे आणि मान हलवायचे. किती पेट्रोल पिते ही! बायको आयुष्यभर आपल्यासाठी राबली, आता तिला एक भक्कम गाडी करून द्यायची, असं त्यांच्या मनानं घेतलं.

सीतापूर रोडवर गजेंद्र मिस्त्रीचं गॅरेज होतं. मोडीत निघालेल्या एका प्रवासी व्हॅनचं डिझेल इंजिन त्याच्याकडे पडून होतं. दादारावांनी ते स्वतः उघडलं, तपासलं, घासूनपुसून नवं केलं.

काम सुरू करण्याआधी गजेंद्रनं विचारलं, "भाईसाहब, भाभीजी से पूछ लिया? गाडी तो वही चलाती हैं."

"अरे, सरप्राइज आहे. सरप्राइज पूछके देते हैं क्या?"

गजेंद्र हसला आणि कामाला लागला. जुनं इंजिन साखळीनं उचलून बाहेर काढलं. नवं बसवायला चासीवर वेल्डिंग करून जागा केली, जुन्या गियरबॉक्सला ते जुळावं म्हणून मध्ये जाड लोखंडी पट्टी घडवून घातली, क्लच जड दाबाचा बसवला. इंजिनाच्या वजनानं गाडी पुढून दबायला लागली, म्हणून पुढच्या स्प्रिंगांमध्ये जादा पाटे टाकले. आरटीओतून कागदांवर इंधनही बदलून घेतलं. त्या आठवड्यांत दादाराव पुन्हा शेडमध्ये असल्यासारखे खुशीत होते.

द्रौपदीबाईंना आणायला ते स्टेशनवर पिकअप घेऊन गेले. गाडी सुरू झाली तशा त्या दचकल्या.

"अहो, हिला काय झालं?"

"डिझेल टाकलंय! आता डोंगरही चढेल!"

"काय?"

"डोंगर, डोंगर!"

घरी येईपर्यंत आवाजामुळे दुसरं काही बोलता आलं नाही. घराशी उतरल्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, इंजिन चालूच होतं आणि बॉनेट थरथरत होतं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून त्या म्हणाल्या, "चांगलं केलंत. खूप मेहनत घेतलीत."

त्यांनी गाडी चालवायला घेतली. क्लच दाबताना डावा गुडघा दुखायचा. स्टिअरिंग वळवताना त्यांना सीटवरून अर्धं उठावं लागायचं. गच्चीवरच्या हाका ऐकू येईनात, त्यामुळे त्या दारांवरून तशाच पुढे निघून जायच्या. घरी मात्र काही बोलायच्या नाहीत. प्राची गुडघ्याला तेल लावून द्यायची, तेही दादाराव बाहेर गेले की.

एका सकाळी रेल्वेपुलाच्या चढावर वाहनं तुंबली होती. गाडी बंद पडली. त्यांनी क्लच दाबून ती पुन्हा सुरू केली, पण ब्रेक सोडल्यावर दुखऱ्या पायानं तो जड क्लच वेळेवर सोडता आला नाही आणि गाडी मागे घसरली. मागे सायकलरिक्षा होती. रिक्षावाला उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. रिक्षाचं चाक वाकलं, हौद्यातल्या कुंड्या फुटल्या. गर्दी जमली. कुणीतरी ओरडलं, "लेडीज को ट्रक कौन देता है, यार!" लोक हसले.

द्रौपदीबाईंनी रिक्षावाल्याची माफी मागितली, त्याचं चाक दुरुस्त करून दिलं, आणि घरी येऊन दादारावांच्या हातात किल्ली दिली.

"आता तुम्हीच चालवा. मी थकले."

दादारावांना वाटलं, खरंच थकली असेल. ते स्वतः रोपं घेऊन जाऊ लागले. पण त्यांना ना गुलाबाची कीड कळायची, ना सुनांची भांडणं. बायका विचारायच्या, "आंटी नहीं आईं?" आणि ते "तबीयत" एवढंच म्हणून गाडी पुढे न्यायचे. हळूहळू बायका खाली येईनाशा झाल्या. द्रौपदीबाई घरीच राहिल्या. विहारातही रिकाम्या हातांनी कसं जायचं म्हणून टाळू लागल्या.

एकदा जेवताना दादाराव म्हणाले, "तुझी आई आजकाल गप्प का असते गं?"

प्राचीनं ताट बाजूला सारलं. "बाबा, वो गाडी मम्मी की थी. आपने एक बार भी पूछा था उनसे? पूरे अलीगंज में उनको लोग बुलाते थे. अब कोई नहीं बुलाता. उनका घुटना देखा है आपने?"

दादारावांनी पाहिला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ते गजेंद्रकडे गेले. "पुराना इंजन वापस डालो."

गजेंद्र ओशाळला. "भाईसाहब, आपने ही कहा था कबाड में दे दो."

खरंच तेच म्हणाले होते. त्यांनी भंगारवाल्यांच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, कानपूरला जाऊन आले. तसं इंजिन मिळालं नाही. एक मिळालं, ते तडकलेलं होतं. शेवटी क्लचची रचना बदलून तो हलका करून घेतला, स्टिअरिंगही सहज वळेल असं केलं, आणि भीत भीत बायकोला म्हणाले, "एकदा बसून बघ ना. तुझ्यासाठी केलंय. तुला नको असेल तर राहू दे."

द्रौपदीबाई बसल्या. गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, वळवून आल्या. खाली उतरून पदरानं कपाळ पुसलं.

"क्लच चांगला झालाय."

"मग?"

"चढ आला की काय होईल, हेच डोक्यात असतं आता. आधी नव्हतं तसं." मग किल्ली परत देत म्हणाल्या, "इंजिन बदलायच्या आधी विचारलं असतं, तर मी नको म्हणाले असते. तुम्हाला वाईट वाटलं असतं दोन दिवस. एवढंच."

पुढच्या वर्षी नर्सरीची जमीन त्यांनी सोडली. तिसऱ्या वर्षी लखनौतल्याच वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत फ्लॅट मिळाला, तिथे पिकअप लावायला जागा नव्हती. गाडी विकत घ्यायला आलेल्या माणसाचा वीटभट्टीचा धंदा होता. त्यानं गाडी सुरू केली आणि कान देऊन ऐकत राहिला.

"इंजन तो लाजवाब है. किसने डलवाया?"

 दादारावांनी मागे वळून पाहिलं तर द्रौपदीबाई फाटकाशी उभ्या होत्या. गाडी गल्लीतून बाहेर पडायच्या आधीच त्या आत गेल्या. दादाराव तिथेच उभे राहिले. गाडीचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर त्यांनी फाटक लावलं.