एकसारखे तुकडे

सुतारानं गाजरावर स्टीलची फूटपट्टी ठेवली, अंगठ्याच्या नखानं खूण केली आणि सुरी खाली दाबली. तुकडा बरोबर इंचाचा पडला. त्यानं तो आधीच्या तुकड्याशेजारी उभा केला, एक डोळा मिटून दोन्हींची उंची ताडून पाहिली आणि मग पुढचा कापायला घेतला.

जेवणाच्या टेबलाशी त्याची लेक उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसली होती. लाल पेनाचं टोपण दातात धरून ती बापाकडे बघत होती.

"बाबा, भाजी आहे ती. कपाट नाही करायचंय."

"तुकडे एकसारखे असले की सगळे एकदम भाजून निघतात," तो मान वर न करता म्हणाला. "तू तुझे पेपर तपास. मदत करायची नाही असं ठरलंय."

"करतेय कुठे?"

ठरलं होतं ते असं. तीन महिन्यांपूर्वी सुताराची बायको गेली. तेव्हापासून त्यानं दोन पातेली जाळली होती आणि नऊ किलो वजन घालवलं होतं. फोनवर लेकीनं काय जेवलात असं विचारलं, की तो नुसतं "जेवलो" म्हणायचा. लेक आगगाडीनं चार तासांवर राहायची आणि तिथल्या शाळेत भूगोल शिकवायची. घर बंद करा आणि माझ्याकडे या, हे तिचं म्हणणं. मी इथंच बरा, हे त्याचं. दोघंही एकाच लाकडाची, त्यामुळे कुणी वाकेना. शेवटी तिनं मास्तरणीला शोभेल असा तोडगा काढला. आई रविवारी करायची तशा भाजलेल्या भाज्या एकट्यानं करून दाखवा. जमल्या तर राहा, पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमल्या तर सोमवारच्या गाडीनं माझ्याबरोबर निघायचं.

तो तावातावानं हो म्हणून बसला आणि मग पस्तावला. परीक्षेच्या बाबतीत लेक कशी होती हे त्याला चांगलं ठाऊक होतं. काठावर अडकलेल्या पोराला तिनं वरचा एक मार्क आजवर दिला नव्हता, मुख्याध्यापकांनी शब्द टाकला तरी.

आज सकाळी ती आली तेव्हा तिच्या पिशवीतून पावाचं टोक डोकावत होतं. वाटेत खायला घेतला असेल असं समजून त्यानं पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली आणि तडक ओट्याशी गेला.

या भाज्या करायला त्याची बायको लग्नाआधी शिकली होती. बंदराजवळच्या एका खाणावळीत ती कामाला होती, आणि तिथं भूमध्य समुद्राकाठच्या गावातून आलेली एक स्वयंपाकीण होती. वांगं, झुकिनी, ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा, बटाटा, गाजर, हाताशी येईल ते ऑलिव्हच्या तेलात आणि वाळक्या पाल्यात घोळवायचं आणि ओव्हनमध्ये सरकवायचं, एवढीच तिची विद्या. पण दर रविवारी बायको ट्रे बाहेर काढायची तेव्हा जिना चढून येणारी माणसं त्यांच्या दाराशी उगाच रेंगाळायची.

या कामात सुताराचा वाटा कापण्याचा. बाकी सगळं तिचं. कुणी पाहुणा भाज्यांचं कौतुक करू लागला, की तो घसा खाकरून म्हणायचा, "कापणं माझं आहे बरं का." लाकडात सूतभर फरक त्याला चालायचा नाही, मग भाजीत तरी कसा चालेल? बायको हसायची. त्याचं कापून झालं की त्याला पाव आणायला पिटाळायची. तो परत येईपर्यंत ट्रे ओव्हनमध्ये गेलेला असायचा.

एकदा ताटातलं गाजर काट्याला टोचून त्यानं विचारलंही होतं, "हे एवढंसं कसं झालं गं? मी तर इंचाचं कापलं होतं."

"भाजल्यावर आकसतं," ती म्हणाली होती. "तुमचं लाकूड नाही का आकसत?"

हे त्याला लगेच पटलं. लाकूड आकसतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तेव्हा आज त्याला कापण्याची काळजी नव्हतीच. काळजी होती ती मसाल्याची. बरण्यांवर बायकोनं कधी चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या. तिला वासावरून कळायचं. सुतारानं एकेक झाकण उघडून नाक खुपसलं. एका बरणीनं त्याला शिंक आणली, ती त्यानं बाजूला ठेवली. दुसरीत रोझमेरी होती, सुयांसारखी. तिसरी त्यानं नाकाशी धरली आणि धरूनच राहिला. ओरेगॅनो. रविवारी दुपारी तिच्या बोटांना हाच वास यायचा. त्यानं चिमूट घेतली, मग आणखी अर्धी, मग तळहातावर चुरडून पुन्हा हुंगलं आणि भाज्यांवर सोडलं. ठेचलेला लसूण, जाडं मीठ, भरडलेली मिरी, वरून तेल. दोन्ही हातांनी त्यानं सगळं कालवलं.

एवढ्या वेळात तो दोनदा कंबरेवर हात ठेवून सरळ झाला होता. ओटा बुटका होता. त्याच्या बायकोची उंची जेमतेम, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यानं जुना ओटा काढून तिच्या कोपराच्या मापानं नवा केला होता. स्वतः उभा राहिला की त्याला त्यावर जवळजवळ दुमडावं लागायचं.

"हा ओटा तरी उंच करून घ्या," लेक म्हणाली. "तुमच्यासारख्याला दोन दिवसांचं काम. कंबर मोडेल अशानं."

"मग तिचा हात नाही पुरायचा," तो म्हणाला.

तेल ट्रेच्या कोपऱ्यापर्यंत नीट पोचलंय ना, हे बघत तो वाकलेलाच होता. आपण काय बोललो हे त्याला जरा वेळानं कळलं. त्यानं वर पाहिलं नाही. टेबलावर पेन ठेवल्याचा आवाज झाला. बराच वेळ ते परत उचलल्याचा आवाज आला नाही.

त्यानं ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, दार लावलं आणि घड्याळ पाहिलं. "पाऊण तास," तो म्हणाला.

वीसेक मिनिटांत वास सुटला. तोच वास. सुतार स्टुलावर ताठ बसला. त्याला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. वास जमला होता, म्हणजे घोडं गंगेत न्हालं होतं.

लेक पाणी प्यायला उठली. पेला भरता भरता ती ओव्हनच्या काचेपाशी थांबली, किंचित वाकली. पेला तिनं न पिताच ओट्यावर ठेवला.

"बाबा, पाव?"

सुतारानं कपाळावर हात मारला. "विसरलोच की. तीच आठवण करून द्यायची ना."

"घेऊन या मग. ताजा असेल तोच आणा. नसेल तर थांबा थोडं."

"ओव्हनकडे—"

"बघत नाही मी. तुमचं तुम्ही येऊन बघा. वेळ आहे अजून."

तो चपला घालून निघाला.

बेकरी दोन गल्ल्या सोडून होती. दुकानात गर्दी नव्हती. गल्ल्यावरच्या बाईनं त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा मऊ झाला. तीन महिन्यांत तो इकडे फिरकला नव्हता.

"या मिस्त्री. बऱ्याच दिवसांनी." तिनं मागच्या फळीकडे हात केला. "लगेच देऊ, की बसवू?"

"बसवू म्हणजे?"

बाईनं जीभ चावली. मग पाव कागदात गुंडाळत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आता सांगायला हरकत नाही म्हणा. वहिनींनी सांगून ठेवलं होतं. रविवारी तुम्ही आलात की लगेच सोडायचं नाही. पाव फळीवर तयार असला तरी भट्टीत आहे म्हणायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं बसवून ठेवायचं."

"का?"

"मीही विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, त्यांचं कापून झालं की मला कापायचं असतं."

पावासाठी पुढे केलेला सुताराचा हात तसाच राहिला. बाईला वाटलं, आपण नको ते बोललो.

"वाईट वाटून घेऊ नका. हसत सांगायच्या. म्हणायच्या, गाजर आणि टोमॅटो एका मापाचे करतात, एक कच्चं राहतं आणि एकाचा लगदा होतो. पण कापताना चेहरा असा असतो की बोलवत नाही."

त्यानं पाव घेतला. पाव गरम होता. दुकानाबाहेर भिंतीला टेकून एक बाकडं होतं, त्यावर तो बसला. ते बाकडं त्यानंच करून दिलं होतं, फार वर्षांपूर्वी, दर रविवारी उभं राहून पाय दुखतात म्हणून. आपल्याला थांबवून ठेवण्यासाठी लागणारं बाकडंही आपणच ठोकून दिलं, हे मनात येऊन त्याला हसू आलं. ते पुरतं ओठांवर यायच्या आत त्याला रडू फुटलं. रस्त्यावरून एक बाई पिशव्या घेऊन गेली. तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

चौतीस वर्षं. दर रविवारी तो बाहेर पडला की ती घाईघाईनं त्याचे तुकडे पुन्हा कापत असेल, गाजराचे दोन, बटाट्याचे दोन. टोमॅटो बाजूला काढून ठेवत असेल आणि मागून घालत असेल. तो परत यायच्या आत सुरी धुऊन जागेवर लावत असेल. आणि तो पाहुण्यांना सांगायचा, कापणं माझं. लेक लहान असताना ओट्याजवळच्या स्टुलावर चढून बसलेली असायची. तो पाव घेऊन घरात शिरला की मायलेकी एकमेकींकडे बघून खुदकन हसायच्या. आपल्या केसात भुसा राहिलाय म्हणून हसतात, असं वाटून तो डोकं झटकायचा.

म्हणजे लेकीला माहीत होतं.

त्याला पिशवी आठवली. खुंटीला आपल्याच हातानं अडकवलेली, पावाचं टोक डोकावत असलेली.

तो उठायला गेला आणि थांबला. लेक आत्ता बुटक्या ओट्याशी वाकून उभी असेल, हातात सुरी घेऊन. तिला तर त्याला घेऊन जायचं होतं. भाज्या बिघडल्या असत्या तर तिचंच खरं झालं असतं. ती नुसती टेबलाशी बसून राहिली असती तरी पुरलं असतं.

तो पुन्हा बसला. बायको असताना पाव गार होऊ नये म्हणून तो घरी पळतच जायचा. आज त्यानं पाव मांडीवर ठेवला आणि घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं झाल्यावर त्यानं आणखी पाच मोजली, आणि मगच सावकाश निघाला. जिना चढताना तो मुद्दाम दोनदा खोकला.

लेक टेबलाशी बसून उत्तरपत्रिकेवर लाल रेघ मारत होती. पिशवी खुंटीवर नव्हती, टेबलाखाली पार भिंतीपर्यंत सरकवलेली होती. सुरी धुतलेली होती आणि तिच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब लोंबत होता. ती नेहमीच्या खिळ्यावर नव्हती, शेजारच्या खिळ्यावर होती.

"वेळ लागला," लेक म्हणाली.

"पाव भट्टीत होता."

लेकीनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांकडे ती क्षणभर बघत राहिली, मग तिनं पुन्हा पेपरात डोकं घातलं.

सुतारानं ओव्हन उघडलं. वांग्याच्या कडा सोनेरी झाल्या होत्या, कांदे उलगडले होते, टोमॅटो फुटून त्यांचा रस तेलात उतरला होता, पण लगदा झाला नव्हता. त्यानं लिंबू पिळलं, दोन ताटल्या भरल्या, पाव हातानं तोडला. दोघं समोरासमोर बसली. तिसरी खुर्ची दोघांनीही मागे ओढली नव्हती.

लेकीनं पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग पावाचा तुकडा तेलात बुडवून बराच वेळ चावत राहिली.

"आईच्या हातची चव आलीय," ती म्हणाली.

"मसाला मी घातला," तो म्हणाला. "तेवढा जमला."

"सगळंच जमलंय. राहा तुम्ही इथं." तिनं डोळे पुसले आणि लसणाच्या बोटांनी ते आणखीच झोंबले. "पण मी रविवारी येत जाईन. दर रविवारी नाही जमणार. महिन्यातून एकदा."

"ये. पाव मी आणीन."

जरा वेळानं त्यानं विचारलं, "ग्रेस मार्क घालून पास केलंस का?"

"मी ग्रेस देत नाही. माहितीये तुम्हाला."

"माहितीये."

त्यानं ताटलीकडे पाहिलं. समोरच गाजराचा अर्धा तुकडा होता. तीन बाजूंनी खरपूस, गडद तपकिरी, आणि चौथी बाजू सपाट, उजळ, नुकत्या कापलेल्या लाकडासारखी. शेजारच्या बटाट्याचंही तसंच. असा ताजा काप ओळखण्यात सुताराचं आयुष्य गेलं होतं.

लेक पाव तोडत होती. सुतारानं काट्यानं गाजराचा तुकडा हळूच उलटा केला आणि ती उजळ बाजू ताटलीकडे करून ठेवली. मग बटाट्याचा केला. मग एकेक करून बाकीचे.