पहिली वायर वरच्या मजल्याची

घरमालकाने चार भाडेकरूंना टीव्ही दिला तो असा, की घेणाऱ्याला हसावं की रडावं ते कळू नये. गच्चीवर एकच छत्री, तिच्यातून निघणारी एकच वायर, आणि त्या वायरीला फाटे फोडून चार घरांत चार बॉक्स. डिशवाल्याने तेव्हाच बजावलं होतं, "मालक, चालेल हे, पण भांडणं होतील. चॅनेलांचे दोन गट असतात. ज्याच्याकडे पहिली वायर, तो ज्या गटातलं चॅनेल लावेल तेवढाच गट बाकीच्यांना दिसणार. दुसऱ्या गटातलं लावायला गेलात की पडदा काळा. त्याने टीव्ही बंद केला तर मग हक्क खालच्याचा. नीट करायचं तर वेगळं सामान घ्यावं लागेल."

वेगळं सामान म्हटल्यावर मालकाने कानांवर हात ठेवले. भाडेकरूच ते, दोन दिवस ओरडतील आणि गप्प बसतील.

पहिली वायर गेली वरच्या मजल्यावर, दादाकडे. खिडकीतून आत आली आणि खोलीच्या मधोमध, जमिनीवरूनच टीव्हीपर्यंत गेली. ती भिंतीला मारून द्यायचंही मालकाच्या जिवावर आलं होतं. दुसरी वायर गेली बरोबर त्याच्या खालच्या घरात, चिंगीकडे.

चिंगी म्हणजे कोणी पोर नव्हे. अठ्ठावन्न वर्षांची बाई, शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं नुसत्या कॉलरी लावत आलेली. मशीनच्या खडखडाटाने कान अर्धे गेलेले, गुडघे त्याहून जास्त. चिंगी हे नाव दादाचं, थोरल्या भावाचं, आणि ते वापरणारा जगात तो एकटाच उरला होता. पण सव्वादोन वर्षं त्याच्या तोंडून ते निघालं नव्हतं, कारण दोघं बोलतच नव्हते.

झालं होतं ते आईवरून. चिंगी लेकीच्या बाळंतपणाला दहा दिवस गेली आणि तेवढ्यात दादाने अंथरुणाला खिळलेल्या आईला वृद्धाश्रमात ठेवलं. "मला एकट्याला तिला उचलणं होईना," तो म्हणाला. आठव्या दिवशी आई तिथेच गेली. चिंगीने आईचं तोंड पाहिलं ते गेल्यावर. त्या दिवशी ती दादाला जे बोलली ते कुत्र्यालाही कोणी बोलू नये, आणि त्यानंतर एक शब्द बोलली नाही. घर बदलायचं मात्र दोघांपैकी कोणी मनावर घेतलं नाही. जो आधी सोडेल तो हरला, असं काहीतरी दोघांच्याही डोक्यात होतं.

मग टीव्ही आला आणि न बोलणाऱ्या दोघांना भांडायला जागा मिळाली.

चिंगीची मालिका साडेसातला लागायची. घरातल्या मोठ्या सुनेच्या दुधात विष कोण कालवतंय, हे आठ महिने कोणालाच कळत नव्हतं, आणि चिंगीला ते कळल्याशिवाय चैन नव्हती. दादाला हे ठाऊक होतं. बरोबर पावणेआठला, दुधाचा पेला ओठांशी गेला की तो वर दुसऱ्या गटातली बातमी लावायचा. खाली पडदा काळा. चिंगीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्याचा टीव्ही बंद असेल त्या दिवशी ती सूड म्हणून आवाज चढवायची, तसाही तिला कमीच ऐकू यायचा. मग दादा वरून काठीने जमीन ठोकायचा, ठक ठक ठक. आवाज कमी कर. चिंगी जळमटं काढायच्या झाडूचा दांडा घेऊन छताला तीन ठोके द्यायची. नाही करत जा. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणायचे, "तुम्ही दोघं बोलत नाही म्हणता, पण तुमच्याइतकं बोलणारं या इमारतीत दुसरं कोणी नाही."

त्या गुरुवारी पावणेआठ वाजून गेले तरी पडदा काळा झाला नाही. विष कालवणारी धाकटी जाऊ निघाली आणि चिंगीने तिला पोटभर शिव्या घातल्या. तेवढ्यात वरून ठोके आले. ठक ठक ठक. जरा थांबून पुन्हा.

"चॅनेल सोडलं तर आता आवाजावरून!" ती म्हणाली. झाडू घेऊन तिने छताला नेहमीसारखे तीन ठोके दिले. वरचं ठोकणं थांबलं. चिंगी स्वतःशीच हसली. आज आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

शुक्रवारीही अख्खा भाग दिसला. मध्ये कधीतरी ठोके आले, दोनच, आणि अगदी हळू. हिने तीन परत केले. वर शांतता. झोपताना तिच्या मनात आलं की दादा नरमला. चॅनेल सोडतो, ठोकतो तेही दबकत. वय झालंय त्याचं, सहासष्ट म्हणजे काही थोडं नाही. एकदा वर जावं, काही न बोलता दारात भाजीचा डबा ठेवून यावं. पण आपण आधी का जायचं? तो आला असता तर गोष्ट वेगळी. बघू रविवारी, असं म्हणून तिने कूस बदलली.

शनिवारी सकाळी मास्तरांनी डिशवाल्याला बोलावलं. दोन दिवस त्यांना दुसऱ्या गटातलं एकही चॅनेल दिसत नव्हतं आणि अकराला सामना होता. "बाई, तुम्ही कामावर असतानासुद्धा दिसत नाही, म्हणजे हे तुमचं काम नाही," ते जिन्यात चिंगीला म्हणाले. डिशवाला गच्चीवर जाऊन आला. "छत्रीला काही झालेलं नाही. वरच्यांचा टीव्ही चालूच आहे, दोन दिवस एकाच गटावर. त्यांना सांगा बदलायला."

मास्तरांनी दार वाजवलं. आतून टीव्हीवर कोणीतरी साबणाची जाहिरात करत होतं, पण दार कोणी उघडेना. चिंगी अर्ध्या जिन्यात कठड्याला धरून उभी होती.

मालकाने किल्ली आणली. दादा टीव्हीच्या आणि खुर्चीच्या मध्ये पडला होता, एक पाय त्या वायरीत अडकलेला. रिमोट टीव्हीच्या डोक्यावर होता. पावणेआठला तो घ्यायलाच उठला होता तो. मांडीचं हाड मोडलं होतं, ओठ फुटून काळे पडले होते, हातात काठी. तो जिवंत होता.

"दादा," चिंगी म्हणाली. सव्वादोन वर्षांनी.

इस्पितळातल्या डॉक्टरणीने तिला बाहेर बोलावून सांगितलं, "हाडाचं काही नव्हतं हो. पण दोन दिवस पाण्याशिवाय, हलता न येता पडून राहिले. दोन्ही किडन्या बसल्यात. त्याच रात्री आणलं असतं तर महिन्याभरात चालायला लागले असते. शेजारी कोणी नव्हतं का?"

चिंगीने मान खाली घातली. शेजारी कोणी नव्हतं, असंच डॉक्टरणीने लिहून घेतलं.

सोमवारी दुपारी तो जरा शुद्धीवर आला. चिंगीने कापूस भिजवून त्याच्या ओठांना लावला. ऐकू यावं म्हणून ती त्याच्या तोंडाशी वाकली. सगळं सांगून टाकायचं, पाया पडायचं, असं ती रात्रभर ठरवत होती.

"दादा, मी ठोके ऐकले होते," ती म्हणाली.

"माहितीये." त्याचा आवाज सुकलेला होता. "ओरडायला दम नव्हता. म्हणून ठोकलं. तू उत्तर दिलंस." तो थांबला, श्वास घेतला. "जीव भांड्यात पडला माझा. म्हटलं, चिंगीला कळलं. मग कशाला ठोकत बसू? दुसऱ्या दिवशी पण दिलंस ना उत्तर. म्हटलं, येतेच आहे. तुला जिना चढायला वेळ लागतो."

चिंगीने कापूस पुन्हा पाण्यात बुडवला. दोन दिवस तिची वाट बघत पडून राहिलेल्या माणसाला, वाट बघण्यासारखं काहीच नव्हतं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"गुडघा धरला होता रे," ती म्हणाली. "उठताच येईना मला."

"तरीच," दादा म्हणाला. त्याने तिचा हात चाचपला. "डॉक्टरला दाखव तो एकदा. आलीच आहेस इथे तर."

तिने हो म्हटलं. संध्याकाळी तो गेला, आणि जाईपर्यंत त्याला तिच्या गुडघ्याची काळजी होती.